गोष्टीतला हात

माझा धाकटा भाऊ माझ्या विज्ञानकथा वाचायचा आणि दर वेळी एकच खोडी काढायचा. "आक्का, तुझ्या गोष्टीतली मानसं कामाला कधी जातेत गं? कुनी चंद्रावर, कुनी समुद्राखाली. ह्यांना डबा कोन भरून देतंय?" मला राग यायचा. शाळेत विज्ञान शिकवायचं, वह्या तपासायच्या आणि उरल्यासुरल्या वेळात दिवाळी अंकांसाठी गोष्टी लिहायच्या, असं माझं चाललेलं. आणि घरातला एकुलता एक हक्काचा वाचक हा असा. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ते मला फार वाईट तऱ्हेनं पटलं.

आम्ही मूळचे मराठवाड्यातले. मी डी.एड. करून दिघीच्या एका शाळेत लागले आणि आयटीआय झाल्यावर तो माझ्यामागून आला. महाळुंग्याच्या एका कंपनीत तो प्रेसवर लागला. प्रेस म्हणजे पत्रा कापायचं, वाकवायचं मशीन. पत्रा ठेवायचा, बटण दाबायचं, वरून ठोका पडतो, तुकडा काढून घ्यायचा, पुन्हा पत्रा ठेवायचा. दिवसभर हेच. दिघीतच दोन गल्ल्या सोडून त्यानं खोली घेतली, लग्न केलं, भावजय आसपासच्या पोरांचे डबे करायला लागली. आमचं बरं चाललं होतं, असं म्हणायला काहीच हरकत नव्हती.

गोष्टींचं वेड आम्हाला गावापासूनचं. वाचनालयातून मासिकं आणून मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचे. एका गोष्टीत फोनवर बोलताना समोरचा माणूस दिसायचा. ते ऐकून हा पठ्ठ्या किराणा दुकानातल्या काळ्या फोनकडे कितीतरी दिवस टक लावून बघायचा, कधी चेहरा उमटतोय म्हणून. पुढे खरोखरच चेहरे उमटले. जेवणाच्या सुट्टीत तो भावजयीला व्हिडिओ कॉल करून डब्यातली भाजी दाखवायचा आणि मीठ जास्त झालंय म्हणून भांडायचा. त्यावरून त्यानं स्वतःचा एक सिद्धांतच बसवला होता. "आधी लिहिनारे लिहितेत, मग इंजिनेर वाचतेत, मग वस्तू दुकानात येती. म्हंजे तू लिहिलीस की माझ्या पोराच्या टायमाला येनार." मी वर्गात मुलांना थोड्या शुद्ध भाषेत हेच सांगायचे. माणूस आधी कल्पना करतो, मग विज्ञान ती पायरी-पायरीनं खरी करतं. फळ्यावर लिहायला फार बरं वाटतं हे वाक्य.

त्या नादात मी हाताची गोष्ट लिहिली. अपघातात हात गेलेला एक तबलावादक. शास्त्रज्ञ त्याला कृत्रिम हात बसवतात. त्या हाताला स्पर्श कळतो, ऊन-गार कळतं, तबल्याची शाई बोटाखाली आली की तो आपोआप थरथरतो. शेवटी भरल्या सभागृहात मैफल होते. अंकात चित्रही छान आलं होतं. भावानं वाचलं आणि विचारलं, "तबला वाजवून भागतंय का त्याचं? दुसरं कायच काम न्हवतं?" मी त्याला म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचा उजवा हात मनगटापासून गेला.

ह्याविषयी मला फार लिहायचं नाही. एकच गोष्ट लिहिते, कारण ती अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. त्या प्रेसला पुढच्या बाजूनं सेन्सर होता. अदृश्य किरणांचा पडदाच तो. त्यात बोट जरी गेलं तरी मशीन जागच्या जागी थांबतं. म्हणजे माझ्या भावाचा हात वाचवणारं विज्ञान शोधून झालेलं होतं, बनवून झालेलं होतं, विकत घेऊन त्या मशीनवर बसवून झालेलं होतं. फक्त तो सेन्सर मधूनच उगीच मशीन थांबवायचा आणि टार्गेट चुकायचं, म्हणून कुणीतरी त्याची वायर बाजूला करून ठेवली होती. हे सगळ्यांना माहीत होतं. भावालाही माहीत होतं. मी त्याला दवाखान्यात विचारलं, तू बोलला का नाहीस? तो म्हणाला, "सगळ्याच मशीनचं तसं हाय आक्का. मी एकटा काय बोलू?" मला तेव्हा त्याचाही राग आला. खरं सांगायचं तर जगातल्या प्रत्येकाचा आला.

घरी भेटायला लोक यायला लागले आणि ध्यानात आलं की मराठीत हाताशिवाय बोलताच येत नाही. देवाचा हात आहे डोक्यावर, म्हणाले. हातपाय गाळू नको, म्हणाले. म्हणून झाल्यावर जीभ चावायचे. भावाला सुरुवातीला ह्याचं हसू यायचं. नंतर ते हसू बंद झालं. तो भिंतीकडे तोंड करून पडायला लागला आणि भावजय माझ्याकडे अशी बघायची, की शिकलेली नणंद आता काहीतरी करेलच.

कंपनीनं एक केलं. सुपरवायझरनं निरोप दिला की तपासणीच्या टेबलावर जागा आहे, बसून काम आहे, पण दोन्ही हात लागतात. एका हातात तुकडा धरायचा, दुसऱ्या हातानं मापाची पट्टी लावायची, बरोबर असेल तर इकडे, नसेल तर तिकडे. कृत्रिम हातानं तुकडा धरता येत असेल तर दसरा झाल्यावर येऊन करून दाखव, जमलं तर घेतो. नाही जमलं तर काय, ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्या दिवसापासून भाऊ भिंतीकडून आमच्याकडे वळला.

हात माझ्या जुन्या विद्यार्थिनीनं आणला. आमच्याच शाळेतून दहावी झालेली मुलगी, आता आकुर्डीकडे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. भावाचं कळल्यावर ती घरी आली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट कृत्रिम हाताचाच आहे. तुमची ती तबल्याची गोष्ट वाचूनच मी हा विषय घेतला." मला आनंद झाला का? झाला. लपवत नाही. भावाचा सिद्धांत माझ्याच ओसरीवर खरा होत होता. मधे दुकान नाही, पोराच्या काळाची वाट नाही. गोष्ट लिहिली आणि वस्तू दारात.

वस्तू पांढऱ्या प्लास्टिकची होती. आतून बारीक दोऱ्या, त्या ओढायला तळहातात एक मोटर, आणि कोपराखाली कातडीला चिकटून बसणारे दोन पत्र्याचे ठिपके. मूठ वळायचं मनात आणलं की कोपराखालचे स्नायू ताठतात, ते ठिपक्यांना कळतं आणि बोटं मिटतात. पुन्हा ताठले की उघडतात. "स्पर्श वगैरे अजून नाही हं मॅडम," मुलगी ओशाळून म्हणाली. "सध्या फक्त धरतो आणि सोडतो." माझ्या गोष्टीतल्या हाताला वजन नव्हतं, त्याला घाम येत नव्हता, तो चार्ज करावा लागत नव्हता. ह्या हाताचं वजन खांद्याला रग लावणारं होतं, घामानं ठिपके सरकायचे आणि गुरुवारी आमच्याकडची वीज गेली की तो दुपारपर्यंत मेलेला असायचा. गोष्टीत मी हे काही घातलं नव्हतं. कशाला घालेन? लिहिताना वीज कधीच जात नाही.

पण तो धरायचा. पहिल्यांदा त्यानं स्टीलचा रिकामा पेला उचलला, तेव्हा मोटरचा घूं असा आवाज झाला आणि भावजय दचकून मागे सरकली. मग तिनंच त्याच्या जुन्या गणवेशाच्या शर्टाची खोळ शिवून त्याच्यावर चढवली. तपासायचा खरा तुकडा सरावाला घरी मिळाला असता तर बरं झालं असतं. पण कंपनीच्या गेटवर बाहेर पडताना खिसे तपासतात; पासशिवाय साधा नट बाहेर येत नाही. म्हणून त्यानं बटाट्यावर सराव केला. बटाटा उचल, धर, फिरव, सोड. सुरुवातीला बटाटे खोलीभर गडगडायचे. नंतर तो इतका सफाईनं धरायला लागला की भावजय म्हणाली, आता सोलून पण द्या. पोटभर हसलो आम्ही तेव्हा. त्या वर्षातलं तेवढंच हसणं मला आठवतं.

मग खंडेनवमी आली.

आमच्या ह्या पट्ट्यात खंडेनवमीला जो मान आहे तो दुसऱ्या कुठल्या सणाला नाही. आदल्या दिवसापासून कंपन्यांत मशीनं धुतात. डिझेलचा फडका मारून वर्षाचा चिकटा काढतात, सांध्या-सांध्यात ताजं ऑइल सोडतात, मग हळदकुंकू, झेंडूचा हार, समोर नारळ. ज्याचं त्याचं मशीन ज्यानं त्यानं सजवायचं. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही. पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. घरची माणसं पोराबाळांना घेऊन बघायला जातात. आम्हीही दर वर्षी जायचो. भावाचं मशीन सगळ्यांत चकचकीत असायचं, कारण तो त्याचे स्क्रू खोलून आतूनसुद्धा पुसायचा.

ह्या वर्षी त्याला बोलावणं नव्हतं. सकाळी त्याच्या एका दोस्तानं मोबाइलवर फोटो पाठवला. चांगल्या मनानंच पाठवला असेल. फोटोत भावाचा प्रेस होता. झेंडूचा जाड हार, कपाळाला लावावं तसं कुंकू, आणि पुढ्यात फोडलेला नारळ. ज्यानं त्याचा हात खाल्ला त्याच्यापुढे नारळ. दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा भावजयीनं मला तो दाखवला आणि मला इतका संताप आला की तो मोबाइल फेकून द्यावासा वाटला. भावाचं तसं नव्हतं. तो म्हणे बराच वेळ फोटो बघत बसला आणि मग उठून कामाला लागला.

कोपऱ्यात पाट मांडला होता. पाटावर त्याचे नट आवळायचे पाने, मापाची टेप, भावजयीची विळी आणि कात्री, आणि मधोमध तो हात. खोळ काढलेली. प्रत्येक बोटाला हळदकुंकू. हात नुसता लखलखत होता आणि खोलीत डिझेलचा वास भरून राहिला होता.

"कसा चमकायलाय बघ," भाऊ म्हणाला. कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा असा दिसला होता. "मागचे स्क्रू खोलले, आतून ब्रश मारला, मोटरला ऑइल सोडलं. पोरींनी हात बनवला चांगला, पन वंगनच न्हाई ठेवलेलं. कोरडा ठणठणीत."

"अरे, हे काय करून बसलास तू!" मी ओरडलेच. "त्याच्यात वायरी आहेत, सेन्सर आहेत!"

"मग? मशीनला वंगन नको व्हय?"

मी मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "मॅडम, लगेच उघडून पुसायला पाहिजे. ठिपक्यांवर तेल गेलं तर त्यांना स्नायू कळणारच नाहीत. मी येते." भाऊ आडवा आला. पूजेत बसलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही. माझ्यासमोर त्याला कधी आवाज चढवताना मी बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. "आजपतुर कवा मोडलं न्हाई आक्का. उद्या उघडू." मी वाद घातला, कुचकं बोलले, विज्ञानाच्या शिक्षिकेचा भाऊ म्हणून त्याला लाज आणली. तो हलला नाही. ज्या माणसाला सगळ्यांनी बाहेर काढलंय त्याच्याकडून त्याची खंडेनवमीसुद्धा काढून घ्यायची, तेवढी जबरदस्ती माझ्याच्यानं झाली नाही. हात रात्रभर पाटावर तेल पीत राहिला.

दसऱ्याला मुलगी आली. कापूस, स्पिरिट आणि छोटे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली आणि दुपारभर आमच्या फरशीवर बसली. आम्हाला सोनं द्यायचंही सुचलं नाही; आपट्याची पानं खिडकीत तशीच राहिली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडली नाही. एवढंच म्हणाली, "आम्ही पाणी लागेल, पडेल, जळेल, सगळ्याचा विचार केला होता. कुणी प्रेमानं तेल घालेल हे सुचलंच नाही." दोऱ्या तेलानं निसटत होत्या, त्या तिनं पुन्हा ओढून बांधल्या. मोटरचा आवाज बदलला होता. नवी मागवायला वेळ नव्हता. भावानं सुपरवायझरला फोन करून दोन-चार दिवस पुढची तारीख मागितली. तो म्हणाला, उद्या ये, नाहीतर मग बघू नंतर. आमच्या भागात 'बघू नंतर' ह्याचा अर्थ शाळेतल्या पोरालाही कळतो.

संध्याकाळी हातानं बटाटा उचलला. फिरवला. सोडलाही, जरा रेंगाळून. मुलगी म्हणाली, "उद्याचा दिवस निघेल बहुतेक."

ती मुलगी आता हिंजवडीत नोकरीला आहे. कंपनीच्या कॅबमध्ये ट्रॅफिकला अडकली की मला फोन करते. सांगते की पुढच्या हातात मोटर बंद डबीत असेल, तेल-पाणी काही आत जाणार नाही, ते डिझाइन तिच्या ज्युनिअर मुलांनी घेतलंय. ते ऐकून मला बरं वाटायला हवं. विज्ञान असंच पुढे जातं, हे मीच शिकवत आले. कुणाच्या अंगावरून जातं ते कुठल्या पुस्तकात नसतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकून त्याच्याबरोबर महाळुंग्याला गेले. मला आत सोडलं नाही. समोरच्या टपरीवर बाकड्यावर बसून राहिले. ट्रेलरमागून ट्रेलर जात होते, धुळीनं चहावर साय धरावी तसा थर येत होता. मी देव मानत नाही, पण त्या बाकड्यावर बसून मी त्या पांढऱ्या प्लास्टिकला हात जोडले.

आत काय झालं ते त्यानं मला नंतर मोजक्या शब्दांत सांगितलं. टेबलाभोवती माणसं जमली होती. साहेब आले होते. एकानं व्हिडिओसाठी मोबाइल धरला होता. हातानं तुकडा उचलला आणि घट्ट धरला. डाव्या हातानं भावानं पट्टी लावली, माप बरोबर होतं. कुणीतरी 'वा' म्हणालं. मग तुकडा सोडायचा होता आणि हात सोडेना. त्यानं स्नायू ताठवले, सैल सोडले, पुन्हा ताठवले. मोटर गुरगुरली आणि बंद पडली. बोटं मिटलेली ती मिटलेलीच. दोघांनी ओढून बघितलं. जास्त जोर लावला असता तर बोटं मोडली असती. साहेब वाईट बोलले नाहीत. छान प्रयत्न आहे म्हणाले, कळवतो म्हणाले, आणि मोबाइलवाल्याला व्हिडिओ बंद करायला सांगितलं.

मला दिसलं ते ह्याच्यापुढचं. भाऊ गेटपाशी आला. कोपरापुढे खोळ, खोळीतून बाहेर आलेली पांढरी मूठ, मुठीत कंपनीचा तुकडा. सिक्युरिटीवाल्यानं त्याला थांबवलं. मी रस्ता ओलांडून गेटच्या जाळीला जाऊन उभी राहिले.

"पास?" सिक्युरिटीवाला म्हणाला.

"कशाचा?"

"मटेरियलचा. हातात पार्ट हाय ना तुमच्या."

"त्यो सुटंना ओ भाऊ. आत सगळ्यांनी बघितलंय."

सिक्युरिटीवाला तिथल्याच गावचा, उतारवयाचा माणूस होता. त्यानं आत फोन केला. पासवर सही करणारा माणूस जेवायला गेला होता आणि तिथून थेट घरी जाणार होता. सिक्युरिटीवाल्यानं पुन्हा फोन केला, उत्तर तेच. मग तो भावाजवळ येऊन हळू बोलला, मला ऐकू आलं. "माझी नोकरी जाईल भाऊ. आमी पासबिगर काय बी सोडत न्हाई. असं करा, ह्यो हितं काढून ठेवा. उद्या पास आना, न्हाईतर पार्ट जमा करा अन् हात घिऊन जा."

मी जाळीतून ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, चांगलं नव्हतं. सिक्युरिटीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, मला बी कळतंय. पन न्हाई चालत."

भावानं डाव्या हातानं पट्टा सोडला. सिक्युरिटीवाल्यानं दोन्ही हातांनी तो हात अलगद घेतला आणि केबिनमध्ये खिडकीपाशी ठेवला, डब्यांच्या पिशव्यांशेजारी. मग नियमाप्रमाणे त्यानं भावाचे खिसे तपासले आणि त्याला बाहेर सोडलं.

त्याच गेटातून तो दुसऱ्यांदा हाताशिवाय बाहेर आला.

आम्ही बसथांब्यावर उभे राहिलो. शर्टाच्या बाहीचं रिकामं टोक वाऱ्यानं हलत होतं, ते त्यानं डाव्या हातानं धरून ठेवलं. मला रडू येत होतं आणि त्याच्यापुढे रडायचं नव्हतं. तो जाणारे ट्रेलर बघत होता. मग म्हणाला, "आक्का, तुझ्या त्या तबलजीला गेटवर कुनी अडवलं न्हवतं का गं?"

मी त्याला सांगितलं, माझ्या गोष्टीत गेटच नव्हतं.

"मग आता घाल," तो म्हणाला, आणि बस आली.